संदेश व बाय, सावर्डे

केरू नागवेकर पहिल्यांदा माझ्या वर्गात आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पाव-पाव लिटरचे पाच डबे होते. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा, निळा. दारं-खिडक्यांना लावतात तो रंग. टेबलावर एका ओळीत मांडून म्हणाले, "बोर्डावर ऑइलपेंट लिहिलंय, म्हणून घेऊनच आलो."

चूक माझीच म्हणायची. जिन्याखाली मी जो बोर्ड लावलाय त्यावर 'ऑइल पेंट, पोर्ट्रेट शिकवले जाईल' असंच लिहिलेलं आहे, आणि आपल्याकडे ऑइलपेंट म्हटलं की माणूस सरळ हार्डवेअरच्या दुकानात जातो. पण इतक्या वर्षांत डबे घेऊन आलेला हा पहिलाच. ग्रेड परीक्षेला बसलेल्या पोरी तोंडावर हात धरून खिदळायला लागल्या. मी त्यांना गप्प केलं आणि नागवेकरांना म्हटलं, "हे घरी न्या आणि गेटला लावा. इथले रंग ट्यूबमधून येतात."

"गेटला गेल्याच महिन्यात लावला," ते म्हणाले. जराही न वरमता.

मी रत्नागिरीत एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. नारळ, मडकं, पडदा, मग माणूस, ह्या क्रमाने. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी घरच्याच वरच्या खोलीत वर्ग घेते. मी गोड बोलत नाही. रेघ वाकडी असेल तर वाकडी म्हणते, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ह्याची चौकशी करत नाही. नागवेकरांची ही हकिगत मी विचारून काढलेली नाही. दीड वर्षं एक माणूस दर रविवारी समोर बसला की थोडं थोडं कानावर पडतंच. शेवटचा भाग मात्र माझ्या डोळ्यांदेखत झाला. तिथून मला उठून जाता आलं नाही, त्याला कारण एस.टी.

नागवेकर रत्नागिरीजवळच्या काळबादेवीचे. चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते, साठाव्या वर्षी घरी आले. जाडजूड बोटं, आखूड मान, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघायची सवय. जहाजावरच्या माणसाचं निम्मं आयुष्य रंग लावण्यात जातं हे मला त्यांच्याकडून कळलं. आधी हातोडीने गंज पाडायचा, मग खरवडायचं, मग रेड ऑक्साइडचे दोन हात, मग वरचा रंग. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचावं तर पहिल्या टोकाला पुन्हा गंज हजर. "बाई, मी जेवढं लोखंड रंगवलंय ना, तेवढ्यात तुमची रत्नागिरी झाकून जाईल," म्हणायचे.

त्यांचा एक शब्द आमच्या वर्गात रुळला. रंग लावताना मधेच एखादी जागा सुटली, कोरी राहिली, तर तिला जहाजावर 'हॉलिडे' म्हणतात. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, वरून ओरडायचा, "नागवेकर, हॉलिडे राहिला!" की पुन्हा दोरावरच्या फळीवर बसून खाली लोंबकळायचं. माझ्या पोरी आता एकमेकींच्या कागदावर बोट ठेवून हेच ओरडतात. मी दटावून बघितलं, उपयोग झाला नाही. शब्द चांगला आहे, मीही वापरते.

तर त्या पहिल्या दिवशी मी विचारलं, "शिकायचंय काय तुम्हांला?" त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. जुन्या कॅलेंडरचं पान. कुठल्याशा जर्मन बंदरात खलाशांच्या क्लबमध्ये मिळालेलं. खालची पट्टी कापलेली, म्हणून चित्र कुणाचं ते कळायला मार्ग नाही. बाकावर बसलेली दोन मुलं. मोठा मुलगा, लहान मुलगी. मुलाचा चेहरा हिरवा, मुलीचा पिवळट, गालावर जांभळं. डोळ्यांच्या जागी काळे फराटे. हात असे की बोटं मोजायची म्हटली तर चार किंवा सहा. मागे तांबडंलाल, नुसतं ओरडणारं.

"हे नको," मी म्हटलं.

"का?"

"एक हात धड नाही. ह्याची कॉपी करून तुम्ही काय शिकणार? कावीळ?"

"मला पोरांचे चेहरे काढायला शिकायचंय."

"मग चेहरे असलेलं चित्र आणा."

"हेच माझ्या डोळ्यांसमोर होतं, बाई. चौदा वर्षं. बोटीवर, माझ्या झोपायच्या बंकच्या वर." आणि पुन्हा माझ्या डोक्यावरून लांब बघायला लागले. मी मनात म्हटलं, चार रविवार येतील आणि कंटाळतील. म्हटलं, "आणा ट्यूबा."

कारण त्यांनी तिसऱ्या रविवारी सांगितलं, मी न विचारता. त्यांना दोन मुलं. संदेश मुंबईला असतो, आणि दर्शना पनवेलला, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये. त्या वर्षीच्या शिमग्याला दोघं घरी आलेली. जेवणं झाल्यावर हे रंगात येऊन बंदरांच्या गोष्टी सांगत होते, कुठल्या धक्क्यावर कुठला दिवा, कुठल्या खाडीत पाणी कुठल्या रंगाचं. दर्शना ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्हांला दिव्यांचे रंगसुद्धा आठवतात. मी लहानपणी कशी दिसायचे ते सांगा बघू."

हे म्हणाले, "कशी म्हणजे? गोड." ती हसली आणि ताटं उचलून आत गेली. एवढंच झालं. भांडण नाही, काही नाही. पण नागवेकरांना त्या रात्रीपासून ते 'सांगा बघू' सुटेना.

"आठवत नाय असं नाय, बाई," ते मला म्हणाले. "तिचा फोटो होता ना माझ्याजवळ! ह्या पानाच्या शेजारीच लावलेला. रोज उठलो की बघायचो. सांगता येत नाय तर काढून दाखवतो. म्हणेल तरी, बापाच्या ध्यानात होती म्हणून."

त्यांना एवढंच हवं होतं. बाकी चित्रकला-बित्रकला त्यांना नको होती.

शिकवायला मी कंटाळले नाही, पण चिडले पुष्कळ. नागवेकर ब्रश मुठीत धरायचे आणि वरून खाली सरळ पट्टे ओढत यायचे. आधी काळी बाह्यरेषा जाड काढून घ्यायची, मग आत रंग भरायचा, होडीवर नाव लिहावं तसं. मी म्हणायचे, "पुसा." ते पुसायचे. ट्यूबमधला रंग वाळत कसा नाही ह्याचं त्यांना नवल. दुसऱ्या रविवारी येऊन बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून ओला! ह्यावर पाऊस आला तर?" मी सांगितलं, तेलाचा रंग ओला राहतो म्हणूनच तो बदलता येतो, ओल्यावर ओलं चढवता येतं. हे त्यांना फार पटलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं म्हणे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली, कबूल करते. प्लायवूडच्या फळीला घासून रेड ऑक्साइडचे दोन हात देऊनच ते चित्राला बसायचे. मी म्हटलं, "ह्याला काय गंज येणार आहे?" तर म्हणाले, "सवय." पण त्या तांबूस रंगावर चेहऱ्याचा उजेड असा उठून यायचा की मी गुपचूप माझ्या दोन फळ्या तशा करून घेतल्या. त्यांना सांगितलं नाही.

पहिली कॉपी चार महिन्यांनी झाली. बघते तर दोन्ही मुलं गोरीगोमटी, गाल गुलाबी, केस विंचरलेले. मुलीच्या कानात डूलसुद्धा.

"नागवेकर, हे काय?"

"जरा बरी केली."

"डॉक्टर आहात का? हिरवा आहे तो हिरवाच काढायचा."

"बाई, लहान पोराचं तोंड हिरवं कसं काढू? हात धजत नाय."

मी रागावले आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून काढायला लावलं. खरं तर रागावण्याचं कारण वेगळं होतं. त्या पानाकडे मीही इतके रविवार बघत होते, आणि ते चित्र मला आता आवडायला लागलं होतं. ज्याला मी एकतीस वर्षं चुकीचं म्हणून लाल पेन्सिलीने खोडलं असतं ते. हिरवा रंग कातडीचा नव्हता. त्या मुलाला आतून जे होत होतं त्याचा होता. हे मला नागवेकरांना समजावून सांगताना समजलं, आणि मला ते जरा लागलं.

मी नियम एकच सांगितला, जो सगळ्यांना सांगते. मोठं आधी, बारीक शेवटी. आधी उजेड कुठे, काळोख कुठे. मग कपाळ, गाल, हनुवटी. तीळ, व्रण, कानातलं अगदी शेवटी. चेहरा जमलेला नसताना तीळ काढून बसलं तर फक्त तीळ राहतो. नागवेकरांनी मान डोलावली.

दुसऱ्या कॉपीला सात महिने लागले. ह्या वेळी हिरवा हिरवाच होता. एका रविवारी काम करता करता थांबले आणि म्हणाले, "बाई, ही पोरं वाट बघतायत."

"कुणाची?"

"ते त्या चित्रवाल्याला विचारा," म्हणाले आणि ब्रश पुसायला लागले. त्या दिवशी अर्धा तास आधी घरी गेले.

मग फोटो आला. जहाजाच्या नोकरीचं जुनं पुस्तक असतं, त्याच्या पानांत ठेवलेला. मी हातात घेतला आणि मनात म्हटलं, कठीण आहे. बत्तीस वर्षांपूर्वीचा रंगीत फोटो, त्यातली बरीच वर्षं खाऱ्या हवेत आणि गोल खिडकीच्या उन्हात गेलेली. एका घराच्या पायरीवर पाच वर्षांचा संदेश उभा, त्याचा हात धरून एक दीड-दोन वर्षांची मुलगी. डोक्याचं जावळ नुकतंच काढलेलं. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, त्यात दोन ठिपके आणि खाली एक सावली. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत, बायकोच्या, गोदाताईंच्या, अक्षरात लिहिलेलं, 'संदेश व बाय, सावर्डे.'

"सावर्ड्याला माझी मेव्हणी दिलेली," ते म्हणाले. "गोदा पोरांना घेऊन गेली होती तेव्हाचा. मी बोटीवर. दर्शना सात महिन्यांची होती तेव्हा निघालो, तो सोळा महिन्यांनी आलो. मधे हा फोटो पत्रातून आला."

"ह्यात चेहरा राहिलेला नाही, नागवेकर."

"आहे. नीट बघा. हाय तो."

आणि होता. त्या हिरव्या-पिवळ्या पोरांनी त्यांना हेच शिकवलं होतं, तीन-चार काळोखांतून अख्खा चेहरा उभा राहतो म्हणून. पाच महिने ते भिंग लावून त्या फोटोत बघत राहिले. भुवयांखालची सावली, एका बाजूला ओढलेला खालचा ओठ, फोटोवाल्याचा राग आलाय आणि रडायचं की नाही ते ठरत नाहीये, असं तोंड. दर रविवारी ती मुलगी त्या तांबड्या फळीतून जरा जरा पुढे यायची. मी सारखी टोचत होते, "नाक कुणाचंही आहे. तिचं काढा. हनुवटी मोघम नको." शेवटच्या रविवारी त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला मत्सर वाटला. इतक्या वर्षांत माझ्या हातून एवढं जितंजागतं मूल उतरलेलं नाही.

"तुमचं नाव घालून टाका खाली," मी म्हटलं.

"हॉलिडे राहिलाय का कुठे?" त्यांनी विचारलं.

मी जवळून बघितलं, लांबून बघितलं. "नाही."

शिमग्याला पालखी घरी येणार तेव्हा या, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं. मी सहसा जात नाही कुणाकडे. त्या वेळी गेले, त्याचं कारण चित्र. ते उघडताना मला बघायचं होतं. अकराच्या एस.टी.ने काळबादेवीला उतरले. परतीची गाडी साडेचारला.

त्यांच्या बायकोला, गोदाताईंना, मी तिथेच पहिल्यांदा भेटले. ठेंगणी, चटपटीत बाई. आल्या आल्या तक्रार. "बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. पोरांचं चित्र काढलंय ते भिंतीला लावणार म्हणे! भिंतीवर हार घातलेली माणसं असतात. जिती पोरं कशाला टांगायची भिंतीवर?" मी म्हटलं, ते तुमच्या घरातलं, मी काय सांगणार. दर्शना पाणी घेऊन आली. तेहतीस वर्षांची, चष्मा, बारीक चण, कामाच्या माणसासारखी भराभर चालणारी. मला म्हणाली, "तुम्हीच का लिमयेबाई? बाबा तुम्हांला फार घाबरतात." मला बरं वाटलं.

पालखी आली, ओटी भरली, ढोल वाजले, संदेश पालखीबरोबर पुढच्या घरी गेला. अंगण रिकामं झालं तसे नागवेकर आतून चादरीत गुंडाळलेली फळी घेऊन आले आणि पडवीत खुर्चीवर उभी केली.

"बस गो, दर्शना. तू विचारलं होतंस ना, लहानपणी कशी दिसायचीस?" त्यांनी चादर काढली.

दर्शना पुढे झाली, वाकली. चष्मा वर सरकवून नीट बघितलं. तेवढ्यात गोदाताई हात पुसत दारात आल्या आणि त्यांचा चेहरा असा फुलला!

"अगो बाय! ही तर आपली ज्ञानू! तेच तोंड गो, तस्संच! अहो, तुम्ही ज्ञानूला कशी काय काढलीत?"

"ज्ञानू कोण?" मी विचारलं. मी, जी कधी कुणाला काही विचारत नाही.

"माझ्या बहिणीची ज्ञानेश्वरी. सावर्ड्याची. हा संदेश आणि ही ज्ञानू."

नागवेकर आत गेले आणि फोटो घेऊन आले. त्याची पाठ बायकोपुढे धरली. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तू लिहिलंयस. संदेश व बाय."

"मग? बरोबरच आहे. बाय म्हणजे ताईची बाय. ज्ञानूला तिच्या घरात कुणी नावाने हाक मारलीय का कधी?"

आता आमच्याकडे प्रत्येक लहान मुलगी बाय. हिची बाय, तिची बाय, रस्त्यावरची अनोळखीसुद्धा बायच. नागवेकरांच्या घरात बाय म्हणजे दर्शना, मेव्हणीच्या घरात बाय म्हणजे ज्ञानू, आणि गोदाताईंनी ते बहिणीच्या घरी बसून लिहिलेलं. सोळा महिन्यांनी हे घरी आले तेव्हा दर्शनाच्या डोक्यावर केस आलेले, तोंड लांबलेलं. मावस बहिणी, एका वयाच्या. ह्यांना वाटलं, पोर मोठी झाली.

"आणि आपली कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"आत निजवलेली. कांजिण्या आल्या होत्या ना तिला तिथेच. अंगावर नुसते फोड. ती कशी उभी राहणार फोटोला?"

"मला नाय कळवलंस."

"आजारपण कधी कळवलंय मी तुम्हांला?" गोदाताई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्याच लक्षात आलं बहुतेक. खाली बसल्या. बोटीवर माणूस असलेल्या घरांतून पत्रात आजारपण लिहीत नाहीत. लिहून करायचं काय, तो समुद्रात उडी मारून येणार आहे का? सगळी खुशाल आहेत, असंच लिहायचं. त्यांनी तेच केलं होतं, सगळ्या बायका करतात तेच. हाताला लागला तो फोटो पाकिटात घातला, आणि ज्या पोरीला ताप होता तिच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

दर्शना म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुमच्या बंकवर ज्ञानू होती."

"हो," नागवेकर म्हणाले.

ती हसली. खरंच हसायला आलं होतं तिला, आणि हसता हसताच तोंड फिरवून ती मागीलदारी गेली. रहाट वाजायला लागला. पाणी भरलेलंच होतं सगळं, मी हात धुताना बघितलं होतं.

मला फार वाईट वाटलं. ते चित्र मोघम राहिलं असतं, नाक कुणाचंही राहिलं असतं, तर चित्रातली मुलगी दर्शना म्हणून खपली असती आणि दर्शनाला तिचं उत्तर मिळालं असतं. मीच मागे लागले होते, तिचं काढा, तिचं काढा. आणि त्यांनी इतकं हुबेहूब काढलं की खोटं उघडं पडलं. मी घड्याळात बघितलं. तीन वाजायला दहा मिनिटं. जायचं कुठे?

नागवेकरांनी रंगांच्या पेटीतली सुरी हातात घेतली. ओला रंग खरवडायची. मी ओरडले, "खबरदार!"

"नाय हो, बाई," ते म्हणाले. "पोर दुसऱ्याची आहे. तिला का खरवडू?" ती फळी त्यांनी जपून उचलून भिंतीकडे ठेवली. ती आता सावर्ड्यात आहे. ज्ञानेश्वरीला स्वतःची दोन मुलं आहेत, आणि तिच्याकडे भिंतीबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

मग ते आतून दुसरी फळी घेऊन आले. कोरी, रेड ऑक्साइडचे दोन हात दिलेली. खुर्चीवर ठेवली, समोर एक स्टूल मांडलं, आणि मागीलदारी तोंड करून हाक मारली, "दर्शना! ये गो इकडे."

ती आली. डोळे धुऊन आली होती, चष्मा हातात. "काय?"

"बस."

"आता? बाबा, मी तेहतीस वर्षांची आहे."

"दिसतंय मला."

"मी विचारलं होतं लहानपणीची."

"ती नाय माझ्याजवळ," नागवेकर म्हणाले. "हॉलिडे राहिला गो. मोठा राहिला. तो आता भरता येत नाय. आहेस ती बस."

ती थोडा वेळ उभीच राहिली. मग बसली, हात मांडीवर घेऊन, जरा ताठ. चष्मा लावायला गेली तर म्हणाले, नको. आणि मग ते बघत बसले. डोक्यावरून लांब नव्हे. तिच्याकडे. इतका वेळ की ती अवघडली, मग अवघडायची थांबली. गोदाताई उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून बसलेल्या.

"हा खड्डा कसला गो?" त्यांनी विचारलं.

डाव्या भुवईच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा. मला तोवर दिसला नव्हता.

दर्शनाने बोट नेऊन चाचपलं. "कांजिण्यांचा. एक फोड खाजवला होता मी."

"कुठल्या कांजिण्या?"

"सावर्ड्याच्या," उंबऱ्यावरून गोदाताई म्हणाल्या.

नागवेकरांनी सगळ्यांत बारीक ब्रश घेतला. टोकाला थोडा काळोख, थोडा पांढरा. अख्खी फळी कोरी होती. ना कपाळ, ना गाल, ना उजेड कुठे ते ठरलेलं. दीड वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, बारीक शेवटी म्हणून. त्यांनी वाकून आधी तो खड्डा काढला, आणि मग त्याच्याभोवती कपाळ आणायला लागले.

मी 'पुसा' म्हटलं नाही. साडेचारची एस.टी. गेली.